ऐकल्यावाचून लिहिलेली परीक्षणे

मराठीत गाण्यांच्या संचाचे परीक्षण कसे लिहिले जाते हे समजून घ्यायला फार मेहनत लागत नाही. पहिल्या परिच्छेदात गायकाच्या गुरूची ओळख. दुसऱ्यात प्रकाशन समारंभ कोठे व कोणाच्या हस्ते झाला याचा वृत्तांत. तिसऱ्यात कवितेच्या चार ओळी उद्धृत करून त्यांचे रसग्रहण. मग 'संगीतकाराने शब्दांना योग्य न्याय दिला आहे' हे वाक्य, त्याला जोडून तबला व संवादिनी यांची 'समर्पक साथ', आणि शेवटी 'प्रत्येक रसिकाने संग्रही ठेवावा असा हा संच'. तबकडी गेली, कॅसेट आली; कॅसेट गेली, सीडी आली; आता तीही गेली. साचा मात्र जागचा हललेला नाही. केवळ मोबाइलवरून ऐकता येणाऱ्या एका संचालाही 'संग्राह्य' म्हणणारे परीक्षण मध्यंतरी माझ्या वाचनात आले. संग्रही ठेवायचे म्हणजे नेमके कोठे, एवढे तरी लेखकाने सांगायला हवे होते.

या साच्याची खरी सोय अशी की त्यात लिहिण्यासाठी गाणी ऐकावी लागत नाहीत. वेष्टनावरचा मजकूर आणि समारंभाचे निमंत्रण एवढी सामग्री पुरते. कोणाला हा आरोप अतिरेकी वाटत असेल तर त्याने एक साधा प्रयोग करून पाहावा. छापून आलेल्या कोणत्याही परीक्षणातली गायकाची, कवीची व संगीतकाराची नावे खोडावीत आणि त्या जागी दुसऱ्याच तिघांची नावे घालावीत. एकही वाक्य खोटे ठरले नाही, तर ते परीक्षण नव्हे, अभिनंदनपत्र आहे. या कसोटीला उतरणारी परीक्षणे शोधायला गेलो तर हाताची बोटेही शिल्लक राहतात.

हे असे का झाले? आळस हे एक कारण आहेच. पण ते मुख्य नव्हे. मुख्य कारण आमच्या मराठी विभागांत आहे, आणि मी मराठीच शिकवीत असल्यामुळे हे घरातले भांडण आहे असे समजावे. आपल्याकडे गाण्यावर लिहिणारा माणूस बहुधा साहित्याच्या वाटेने आलेला असतो. त्याला कवितेचे रसग्रहण येते; मग गाण्यासमोर बसला तरी तो कवितेचेच रसग्रहण करतो. शब्द कागदावर येतात, अवतरणचिन्हांत बसतात. नाद बसत नाही. म्हणून नाद वगळायचा आणि त्याची भरपाई विशेषणांनी करायची. 'सुमधुर', 'हृदयस्पर्शी', 'काळजाला भिडणारे' ही विशेषणे गाण्याविषयी काहीच सांगत नाहीत. ती परीक्षकाच्या प्रकृतीविषयीचा दाखला देतात.

वास्तविक कविता आणि गाणे या दोन निराळ्या वस्तू आहेत. पुस्तकातली ओळ आपण आपल्या गतीने वाचतो. गाण्यातली ओळ दुसऱ्याच्या श्वासावर चालते. कोणता शब्द लांबवायचा, कोठे श्वास घ्यायचा, ध्रुवपदाला किती वेळा परतायचे, दोन कडव्यांच्या मध्ये किती वेळ शब्दांना बाहेर उभे करायचे, हे कवी ठरवीत नाही. काही वेळा तर संगीतकारही ठरवीत नाही, वादनाचे तुकडे रचणारा संयोजक ठरवितो. प्रभाकर जोग किंवा अनिल मोहिले यांच्या कामावाचून मराठी भावगीताचा आपल्या कानांत बसलेला आवाज कसा झाला असता, याची कल्पना करून पाहावी. पण या मंडळींचे नाव परीक्षणात आले तर आभारप्रदर्शनाच्या सुरात येते. त्यांनी नेमके काय केले, हे कोणी लिहीत नाही.

आपली परंपरा मात्र इतकी दरिद्री नव्हती. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण मागे राहिले नाही. तरीही ते कसे गात असत याची काही कल्पना आज आपल्याला आहे, कारण गोविंदराव टेंब्यांसारख्या जाणत्याने ते ऐकून 'माझा संगीत व्यासंग'मध्ये लिहून ठेवले. केशवराव भोळे हे स्वतः संगीतकार. त्यांनी 'एकलव्य' या नावाने समकालीन गायकांवर लिहिले तेव्हा आवाजाची जात, तो कोठे सापडतो, कोठे चिरकतो, तान कोठे नुसती सवयीने येते, हे नाव घेऊन सांगितले. वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' हे पुस्तक १९६१ सालचे. त्यातले सिद्धान्त मान्य करा वा करू नका; पण तो मनुष्य ऐकून लिहितो आहे याविषयी पानोपानी शंका राहत नाही. अशोक रानडे यांनी तर पुढे जाऊन सांगितले की कलासंगीताखेरीज आदिम, लोक, धर्म, जन, संगम असेही संगीताचे वर्ग आहेत, आणि प्रत्येकाला आपापली शिस्त आहे. एवढी तयारी झाल्यावर वास्तविक मराठीत ध्वनिमुद्रित संचाची समीक्षा बहरायला हवी होती. घडले ते उलटच. भोळे-देशपांडे यांची वाट मैफलीच्या गायकापुरती राहिली, आणि ज्या गाण्यावर महाराष्ट्रातली बहुतेक माणसे वाढली ते कॅसेटवरचे गाणे समीक्षेच्या दारातच उभे राहिले.

याची किंमत काय, हे मी राहतो तेथून चांगले दिसते. महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचे गाव आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे बाहेरच्यांना माहीत असले तर असेल. या परिसरातून वर्षाकाठी दोन मोठे जनप्रवाह जातात. एक जून महिन्यात, शिवराज्याभिषेकासाठी महाडवरून पाचाडमार्गे रायगडाकडे. दुसरा २० मार्चला, १९२७च्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ महाडच्या चवदार तळ्याकडे. दोन्ही प्रवाहांना आपापले संगीत आहे, ते ध्वनिक्षेपकांवरून दिवसभर ऐकू येते, आणि वर्षानुवर्षे ऐकून ते इथल्या लहान मुलांनाही पाठ आहे. यांतल्या एका संगीतापुढे मराठी परीक्षक हात जोडून उभा राहतो. दुसऱ्याकडे तो पाहतच नाही. ऐकत तो दोन्हींपैकी एकही नाही.

पहिले उदाहरण 'शिवकल्याण राजा'चे. राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली तेव्हा, १९७४ साली, हा संच आला. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, स्वर लता मंगेशकरांचा, निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे. मराठीत 'संच' या शब्दाला खऱ्या अर्थाने पात्र ठरणाऱ्या थोड्या निर्मितींपैकी ही एक. कारण ही सुटी गाणी एका वेष्टनात घातलेली नाहीत, त्यांच्या एकत्र येण्यात एक विधान आहे. समर्थ रामदास आणि भूषण हे सतराव्या शतकातले. गडकरी, सावरकर, कुसुमाग्रज हे विसाव्या. एक व्रजभाषेतला कवी, बाकीचे मराठी. तीन शतकांचे अंतर असलेली ही माणसे इथे एकाच आवाजात, एकाच संगीतकाराच्या शैलीत, जणू एकाच दरबारात हजर असल्यासारखी बोलतात. हे इतिहासाविषयीचे विधान आहे, आणि ते कोणत्याही कवीने केलेले नाही. ते चालींनी, क्रमाने आणि आवाजाच्या निवडीने केले आहे. ते पटते का? कोठे पटते, कोठे ताणल्यासारखे वाटते? या संचावर मी जेवढे लेखन पाहिले त्यात देशभक्ती, दीनानाथांचा वारसा, लताबाईंची शिवभक्ती हे सर्व आहे. हा प्रश्न नाही.

आवाजाचेच पाहा. रणावरची गाणी म्हटली की शाहिराचा पहाडी, छातीतून फेकलेला आवाज मराठी कानाला अपेक्षित असतो. इथे तो नाही. इथे एक बारीक, उंच, तंतोतंत सुरेल स्त्रीस्वर बाजीप्रभूंच्या अखेरच्या घटका गातो. हा निर्णय विलक्षण धाडसाचा आहे. माझ्या मते बाजीप्रभूंच्या गीतात तो पूर्ण साधतो, कारण ते गीत संथ आहे, त्यात लढाई संपत आलेली आहे, आणि तो स्वर लढणाऱ्याचा न राहता त्याच्यावर पाखर घालणाऱ्याचा होतो. भूषणाच्या कवित्तात मात्र माझे मन घुटमळते. उपमांमागून उपमा आदळत नेणारी ती रचना दरबारात खड्या आवाजात म्हणायची. तिला सुरेलपणाची जेवढी गरज आहे त्याहून अधिक आघाताची आहे. गाणे भव्य वाटते हे खरे, परंतु त्या भव्यतेचा बराच भार वाद्यमेळ वाहतो असे मला वाटते. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार पडले फेब्रुवारी १६७४ मध्ये, राज्याभिषेकाच्या जेमतेम साडेतीन महिने आधी. त्यांच्यावरची कुसुमाग्रजांची कविता राज्याभिषेकाच्या संचात आहे आणि गडकऱ्यांचा पाळणाही आहे. जन्म, मरण आणि सिंहासन यांचा हा क्रम ऐकणाऱ्यावर काय परिणाम करतो, आणि मधले निवेदन त्या परिणामाला बळ देते की गाण्याला धाप लागू देत नाही, हे परीक्षकाने सांगायचे नाही तर कोणी सांगायचे? कोणाला माझी ही मते मान्य होणार नाहीत. होऊ नयेतच. परंतु ती खोडायची तर गाणे पुन्हा लावावे लागेल, आणि परीक्षणाकडून माझी मागणी एवढीच आहे.

दुसरे उदाहरण चवदार तळ्याच्या वाटेवरचे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ऐकला नाही असा मराठी माणूस शोधून सापडणार नाही. ते २००४ साली गेले. त्याच वर्षी वामनदादा कर्डकही गेले, ज्यांच्या गीतांनी भीमगीताची भाषा घडविली. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीते गायिली, कव्वाल्या गायिल्या, आणि पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या पावलांचे त्यांचे गाणे तर आषाढीच्या दिवसांत प्रत्येक नाक्यावर वाजते. एकच गळा बाबासाहेबांसाठी, विठ्ठलासाठी आणि दर्ग्यासाठी. समीक्षकाच्या दृष्टीने याहून समृद्ध सामग्री ती कोणती? त्यांच्या विठ्ठलाच्या गाण्यात कव्वालीचा उठाव कोठे डोकावतो? भीमगीतात कोरस ओळ उचलून धरतो तेव्हा तो कव्वालीतल्या साथीदारांसारखा वागतो की भजनातल्या टाळकऱ्यांसारखा? टाळीचा ठेका आणि ढोलकीचा ठेका यांच्यात ओढाताण होते तेव्हा गायक कोणाच्या बाजूने झुकतो? हे प्रश्न विचारायला रागज्ञान लागत नाही. कान लागतात आणि एक दुपार लागते.

परंतु आपल्याकडे भीमगीतांवर लिहिले गेलेच तर ते चळवळीचा दस्तऐवज म्हणून. त्या लेखनाचे मोल मी कमी करीत नाही. 'लोकसाहित्य', 'प्रबोधन', 'अस्मिता' हे शब्द त्यात यायलाच हवेत. मात्र त्या शब्दांच्या आड गाणे नाहीसे होते. अमेरिकन संशोधक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली मुख्यतः उत्तर भारतातील कॅसेटच्या प्रसारावर एक सबंध ग्रंथ लिहिला. आपल्या फुटपाथवरच्या कॅसेटींवर त्या तोडीचे काही मराठीत झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. शिवगीतांवर भक्ती करायची, भीमगीतांवर समाजशास्त्र करायचे. दोन्हीकडे ऐकणे टळते. ज्या कलावंताच्या आवाजाचे वर्णनच कधी झाले नाही, तो कलावंत म्हणून नोंदला जात नाही, कार्यकर्ता म्हणून किंवा 'लोकप्रिय' म्हणून नोंदला जातो. 'लोकप्रिय' हा आपल्या समीक्षेत पदवीचा नव्हे, हद्दपारीचा शब्द आहे.

यावर ठरलेली हरकत अशी की सामान्य वाचकाला तांत्रिक भाषा कळत नाही. कोण म्हणते तांत्रिक भाषा हवी? राग ओळखून दाखविणे म्हणजे परीक्षण, हा दुसरा गैरसमज. त्याने तर वाचक आणखी दूर पळतो. आवाजासाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. भसाडा, किनरा, पिचलेला, खणखणीत, दाटलेला, पोकळ, ओला, घोगरा. आमच्याकडे शिमग्याला वा लग्नात खालूबाजा वाजतो. त्यातली सनई फुटकी वाजली की वरातीतला शेतकरीही तोंड वाकडे करतो आणि का ते दोन शब्दांत सांगतो. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या परीक्षकाला ते दोन शब्द सुचू नयेत, याला तांत्रिक अडचण म्हणता येत नाही.

दुसरी हरकत उघडपणे कोणी मांडत नाही, पण तीच खरी आहे: भावना दुखावतील. महापुरुषावरचे गाणे फसले आहे असे लिहिले, तर महापुरुषाचा अवमान झाला अशी ओरड होईल. ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. दिवस तसेच आहेत. पण ज्या श्रोत्यांची भीती आपण बाळगतो ते काय करतात, हेही पाहावे. जयंतीच्या कार्यक्रमात गायक कमी पडला तर तीच माणसे पाचव्या मिनिटाला उठून चहाच्या टपरीवर जातात, आणि चांगला गायिला तर त्याला त्याच ओळीसाठी चार वेळा थांबवितात. महापुरुष वेगळा आणि त्याच्यावरचे गाणे वेगळे, हा भेद त्यांना उत्तम कळतो. कळत नाही तो परीक्षकाला. किंवा कळूनही त्याला समारंभाच्या पुढच्या निमंत्रणाची काळजी असते.

या निमंत्रणाविषयी एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या परीक्षणांत 'काही किरकोळ त्रुटी असल्या तरी' असे एक वाक्य हमखास असते आणि त्या त्रुटी कोणत्या हे हमखास नसते. परीक्षक, गायक आणि कवी एकाच व्यासपीठावर बसणारे असले की असे होते. मुंबई-पुण्यात तसे व्हायला लोकसंख्येची सबब तरी नाही. आमच्यासारख्या तालुक्यात आहे, तरी इथलाच एखादा निवृत्त शिक्षक गावच्या शाहिराला तोंडावर सांगतो की गण उत्तम झाला, गवळण मात्र सिनेमातल्या चालीवर बेतून वाया घालवलीस.

हा शाहीर म्हणजे शक्ती-तुऱ्याचा. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून मुंबईला कामाला गेलेल्या माणसांनी ही कला दोन्हीकडे जिवंत ठेवली. गौरी-गणपतीत गावी, एरवी मुंबईतल्या नाट्यगृहांत; प्रथम गण, मग गवळण, मग दोन बाजूंचे सवाल-जबाब. त्यांच्याही कॅसेटी निघाल्या, व्हिडिओ सीडी निघाल्या. जुलै २०२१ मध्ये महाडला महापूर आला, बाजारपेठ आणि तळमजले बुडाले. चिखल उपसताना लोकांनी जे बाहेर टाकले त्यात दप्तरे, फोटो आणि कपडे होते, तशाच फिती सुटलेल्या कॅसेटीही होत्या. त्यांच्यावर काय होते ते आता कोणाला सांगता यायचे नाही. भास्करबुवांच्या बाबतीत ध्वनिमुद्रण नव्हते, पण लिहिणारे होते. इथे ध्वनिमुद्रण झाले होते, लिहिणारे नव्हते.

आज त्याच मंडळांचे नवे कार्यक्रम यूट्यूबवर दिसतात. तिथे वेष्टन नाही, त्यामुळे वेष्टनावरचा मजकूरही नाही. ढोलकी कोणाची, शब्द कोणाचे, मूळ चाल कोणाची हे बहुतेकदा लिहिलेले नसते. गाण्यांचा क्रमही ऐकणाऱ्याच्या बोटावर अवलंबून राहतो. म्हणजे साचेबंद परीक्षकाची सर्व सामग्री आपोआप काढून घेतली गेली आहे. समारंभ नाही, प्रस्तावना नाही, छापील कविता नाही. उरला तो आवाज. ज्याला आता परीक्षण लिहायचे असेल त्याने एक कार्यक्रम निवडावा आणि पहिल्या खेपेला वही मिटून ऐकावा. दुसऱ्या खेपेला फक्त ढोलकी ऐकावी. तिसऱ्या खेपेला दोन्ही शाहिरांचे आवाज शेजारी ठेवून पाहावे, की सवाल करणारा वरच्या पट्टीत का जातो आणि जबाब देणारा त्याच पट्टीला हात न लावता खाली का उतरतो. गवळणीची चाल कोणत्या चित्रपटातून आली तेही शोधावे, आणि ती आल्यावर तिचे काय झाले हेही. मग मंडळाच्या बुवांना गाठून ढोलकीवाल्याचे नाव विचारावे. ते परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात लिहावे.